गुडघ्याचं नाव काढायचं नाही

मी नोकरी सोडली तेव्हा घरात कुणीच मला अडवलं नाही, याचा मला अजूनही राग आहे.

सॉफ्टवेअर कंपनीत दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचं काम मी बरीच वर्षं केलं. मग एके दिवशी वाटलं, आता आपणही काहीतरी चुकून बघावं. म्हणून मी आयातीच्या धंद्यात उतरले. माल होता पाय दाबायचं मशीन. दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत आत घालायचे, बटण दाबायचं, की आतल्या उशा फुगून पाय चेपतात. सुरू असताना मध्येच उठता येत नाही. (दाराची बेल वाजली तर पाहुण्याने थांबायचं.)

नमुन्याचं मशीन घरी आलं आणि त्यात पहिले पाय घातले सासूबाईंनी. त्या यवतमाळच्या. मुलाच्या नोकरीपायी आमच्या वारज्याच्या फ्लॅटवर राहायला आलेल्या, आणि गुडघे सोबत घेऊन आलेल्या. आठवडाभराने त्यांनी जाहीर केलं, "माहे गुडघे पार मोकळे झाले वं, सूनबाई!"

हे वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलं. मी बसल्या बैठकीला एक पत्रक लिहिलं, 'गुडघेदुखीला कायमचा रामराम', आणि ते प्रत्येक खोक्यात घालायला चीनच्या कारखान्याला कळवलं. त्यांनी इमानदारीत छापून घातलं. (दोन वेलांट्या तेवढ्या वाटेत समुद्रात पडल्या.) माझी सगळी शिल्लक त्या एका कंटेनरमध्ये भरून जहाजावर चढली. श्रीकांत, म्हणजे माझा नवरा, एवढंच म्हणाला, "तुझा विश्वास आहे ना? मग झालं." माझा नव्हता. मला वाटत होतं, त्याचा आहे.

माल सोडवण्याचं काम मी देव नावाच्या कस्टम्स एजंटकडे दिलं होतं. सदाशिव पेठेतले गृहस्थ. आडनाव देव, पण हाकेला धावून येण्याची सवय नव्हती. एका सकाळी त्यांनी आपणहून फोन केला, तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय.

"मॅडम, आपला कंटेनर कोलंबोला उतरवून ठेवलाय. बंदरात गर्दी आहे, पुढच्या जहाजात जागा नाही."

"मग आता?"

"आता काय? पाय दाबायची मशीनं आहेत, चालत थोडीच येणार?"

कोलंबोला माझा माल इतका रमला, की इकडे नियम बदलला. ज्या वस्तूने आजार बरा होतो असा दावा असेल, ती आता वैद्यकीय उपकरण धरणार आणि तिला वेगळी नोंदणी लागणार. जहाज वेळेवर आलं असतं तर जुन्या नियमात सुटलं असतं. ते आलं नवा नियम लागू झाल्यावर, आणि तपासणीत पहिलं खोकं उघडताच वर माझं पत्रक.

"एवढं चांगलं मराठी लिहायला आपल्याला कुणी सांगितलं होतं?" देवांनी विचारलं.

"पण ते साधं घरगुती मशीन आहे हो. कारखान्याच्या कागदांवरही तसंच लिहिलंय."

"तेच आता डेपोत येऊन सांगा. तिथल्या अधिकारी मॅडमना मशीन चालवून बघायचंय. ते आपल्याकडे रोज वापरतं कोण?"

"सासूबाई."

"मग त्यांना आणू नका."

मी त्यांना नेणार नव्हतेच. पण दुसऱ्या दिवशी खाली उतरले तर त्या इरकली नेसून गाडीत बसलेल्या. "माह्या मशीनीवर केस झाली अन् मी घरी बसू? काहून?" मागच्या सीटवर शेंगदाण्याच्या लाडवांचा डबाही होता. चांदणी चौकापासून डेपोपर्यंत मी त्यांना एकच गोष्ट शिकवत राहिले.

"आई, तिथे गुडघ्याचं नाव काढायचं नाही."

"नाही काढत."

"पाय म्हणायचं. फक्त पाय. आणि दुखायचे म्हणायचं नाही, दमायचे म्हणायचं."

"दमायचे. पाय. समजलं मले. मी काय येडी आहो का बाप्पा?"

कंटेनर डेपो शहराबाहेर, सगळीकडे धूळ आणि ट्रकचे आवाज. अधिकारी बाई माझ्याच वयाच्या होत्या. दिवसभर उभं राहून दमलेल्या, तरी शांत. त्यांनी एक मशीन जोडायला लावलं. मी पाय घालणार, तेवढ्यात सासूबाई खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांनी पाय आत सारले. उशा फुगल्या. आता त्या हलू शकत नव्हत्या आणि मी काही करू शकत नव्हते.

"आजी, रोज वापरता?" बाईंनी विचारलं.

"रोज. पाय दमतात नं माहे." सासूबाईंनी माझ्याकडे अभिमानाने पाहिलं.

"या पत्रकात लिहिलंय की गुडघेदुखी कायमची जाते. तुमची गेली?"

मी डोळे मोठे केले. शेजारी उभे असलेले देव शेडच्या छताकडे बघू लागले. मशीन घूं घूं करत होतं. शेवटी सासूबाईंनी एक मोठा उसासा सोडला.

"खरं सांगू का, बाई? काही फरक नाही पडला. गुडघे होते तसेच हायेत. पायाले गरम गरम बरं वाटते, झोप लागते, एवढंच. पन या पोरीनं एवढी चांगली नोकरी सोडली, आता हिले नाही कसं म्हनू? म्हून म्हनत होती, मोकळे झाले."

माझा कंटेनर सुटायला याहून चांगली साक्ष मिळाली नसती. हे कुणालाही कळलं असतं. मला मात्र पटकन फार लागलं.

"असं काय म्हणता आई?" मी सगळ्यांदेखत म्हणाले. "फरक पडलाय! तुम्ही जिना चढायला लागलात. मॅडम, खरंच पडलाय, सोसायटीत कुणालाही विचारा, हे मशीन म्हणजे..."

देवांना इतक्या जोराचा खोकला आला की शेजारचा हमाल पाणी घेऊन धावला.

अधिकारी बाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे. त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. "तुमच्यापेक्षा आजींना तुमचा माल जास्त कळलाय," त्या म्हणाल्या. "कारखान्याचे कागद आजींसारखंच सांगतात. सगळी पत्रकं काढून टाका, असा दावा कुठेही करणार नाही असं लिहून द्या, मग बघते."

देवांनी लिहून आणलं, मी न वाचता सही केली. मग मी आणि सासूबाईंनी हमालांच्या मदतीने खोकी उघडून पत्रकं काढली. सासूबाई अधूनमधून सगळ्यांना लाडू देत होत्या आणि एकेक पत्रक वाचून म्हणत होत्या, "किती मस्त लिवलं वं तू."

"आई, तुम्ही मला आधीच का नाही सांगितलंत?"

"तू किती खूश होती तवा. अन् आताही विकलं जाईनच. झोप काय कमी महाग हाये?"

दोन दिवसांनी माल सुटला. मी इतक्या आनंदात होते की पेढे आणले आणि सोसायटीत दारोदार वाटले. तळमजल्यावरच्या निवृत्त लेलेकाकांनी दार अर्धंच उघडलं.

"कशाबद्दल?"

"काका, माझ्या मशीनने काहीही बरं होत नाही, हे कस्टम्सने मान्य केलं."

काकांनी पेढा तोंडात टाकला, सावकाश खाल्ला आणि पुन्हा हात पुढे केला.

"पुण्यात स्वतःबद्दल एवढं कबूल करून वर पेढे वाटणारं माणूस पहिल्यांदाच बघतोय. आणखी एक द्या."