इंग्रजीतली गोजरा

शहाऐंशी साली बंदराच्या कामावर गाळ उपसायला दोन डॅनिश इंजिनियर आले, येन्स आणि लार्स. त्यांच्या गेस्ट हाउसचा वॉचमन जवळच्याच जासई गावचा हिरामण. वय सत्तेचाळीस, शिक्षण चौथी, इंग्रजी शून्य. पण येन्स-लार्सचं इंग्रजी तरी कुठे घरचं होतं? ते शब्द शोधत सावकाश बोलायचे, तेवढ्यात हिरामण एखादा उचलून खिशात टाकायचा. संध्याकाळी पायरीवर तिघांची शाळा भरायची. तिघंही विद्यार्थी, मास्तर कोणीच नाही; म्हणूनच बहुधा शाळा चालली.

भाषा शिकायची तर बोलायला विषय लागतो. एकट्या माणसाकडे विषय असून असणार किती? हवामान दोन दिवसांत संपलं. तिसऱ्या दिवशी येन्सने विचारलं, "वाइफ?"

"वाइफ गुड," हिरामण म्हणाला.

त्याची बायको गोजरा जाऊन दीड वर्ष झालं होतं. मूलबाळ नव्हतं.

त्यानंतर मात्र इंग्रजी धावायलाच लागलं. आज गोजराने बोंबील तळले. आज गोजरा रागावली, छत्री हरवली म्हणून. आज तिचे गुडघे दुखतायत. शेजारच्या ऑफिसात आम्हा कारकुनांना सगळं ऐकू यायचं. आम्ही चिडवायचो, "काय हिरामणशेठ, आज विलायतेत कालवण कसलं?" एकदा मात्र मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, "अरे, खरं सांगून टाक त्यांना."

"सांगीन ना भाऊ. पन मंग बोलू काय? मराठीत ती मेलीच हाय, सगल्या गावाला म्हाईत हाय. इंग्रजीत तरी राहू दे."

मी फायलीत तोंड घातलं.

काम संपत आलं. येन्स-लार्स म्हणाले, रविवारी तुझ्या घरी येतो, जाण्याआधी गोजराला भेटतो. दोन दिवस हिरामण पायरीवर बसला नाही. मग त्याने तोड काढली. तोंडाने सांगायचंच नाही. भिंतीवर गोजराचा फोटो होता, त्याला ताजा हार घालायचा. शिकलेली माणसं, बघून समजतील.

सोमवारी मी विचारलं, "समजले का?"

"कुठलं समजतात! कामावर आले त्या दिवशी आपनच त्यांना हार घातले ना! लार्स फोटो बगून बोलतो, व्हेरी नाइस, आज वाइफचा बर्थडे? आनि येन्सनं पुडकं काढलं. त्याच्या बायकोनं गोजरासाठी हातमोजे इनून धाडलेले. लोकरीचे."

जासईत लोकरीचे हातमोजे! एरवी मी खो खो हसलो असतो.

"मग?"

"सांगायला तोंड उघडलं. शब्द येत होते भाऊ, समदे येत होते. पन येन्स हातमोजे धरून दाराकडं बगत होता. बोललो, गोजरा मार्केट."

"आणि ते?"

"थांबले. मीच बोंबील तलले होते, ते खाल्ले. दोन तास थांबले." त्याने टोपी काढून पुन्हा घातली. "खरं सांगू? मी पन दाराकडंच बगत होतो."

बुधवारी दोघं गेले. पुढे गेस्ट हाउसवर एक अस्सल इंग्रज राहायला आला. मोठा बोलका माणूस. पहिल्याच संध्याकाळी तो पायरीवर येऊन बसला आणि हिरामणला घरचं, बायकोचं विचारू लागला.

"नो इंग्लिश, साब," म्हणत हिरामण उठला आणि गेटवर जाऊन उभा राहिला.