कोपऱ्यातली लाल खूण

मंडळी, आज खरंच थकले. अठरा वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवलं, आता आर्ट थेरपीचा कोर्स करतेय. तिथे एकच गोष्ट रोज घोकवून घेतात: समोरच्याच्या चित्राला चांगलं-वाईट म्हणायचं नाही.

आज मल्हारगंजच्या सेंटरवर प्रॅक्टिकल होतं. पोलोग्राउंडच्या कारखान्यातून रिटायर झालेले एक काका आले होते. काकू गेल्यापासून ते कोणाशी बोलत नाहीत. अर्धा तास लावून त्यांनी चहाचे दोन कप काढले. एक सरळ, एक पालथा.

अन् माझा हात सवयीने चालला ना यार! कोपऱ्यात लाल पेनाने बरोबरची खूण केली, खाली ‘गुड’ लिहिलं.

काकांनी त्या लाल खुणेवर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाले, "मॅडमजी, ह्यात बरोबर काय आहे?"

लाल पेन पर्समधून काढून टाकलंय. पण काका पुढच्या मंगळवारी येतील का हो?