फळ्यावरची वाघनखं

नात ओल्या फडक्याने पाटी पुसते, तेव्हा त्या गार, मातकट वासाने मला अजून ती दुपार आठवते.

आलापल्लीकडच्या रानात आमची शाळा मोहाच्या झाडाखाली भरायची. मास्तर बाहेरगावचे, नवेच आलेले. थोरांच्या गोष्टी सांगत आणि त्यातलेच शब्द वाचायला शिकवत. त्या दुपारी गोष्टीतले महाराज खानाच्या भेटीला निघाले. मास्तरांनी फळ्यावर ठसठशीत लिहिलं : वाघनखं.

"वाच, यमुने."

मी उभी राहिले. मनातल्या मनात केव्हाच वाचलं होतं, पण तोंड उघडेना. आमच्या गावात त्या जनावराचं नाव घेत नसत. घेतलं की ते येतं. आम्ही त्याला नुसतं 'मोठा' म्हणायचो. आणि बाप तर सकाळपासून सागवान तोडायला रानात गेलेला. मागे कुठेतरी पाचोळा वाजला.

"मले नाई येत, मास्तर."

मास्तरांनी एकेकाला उठवलं. साऱ्यांचं तेच, "नाई येत." धाकटा सोमा तर रडायलाच लागला. मास्तरांनी फडकं ओलं करून शब्द पुसला आणि मटकन खाली बसले. "महिनाभर शिकवतोय रे मी तुम्हाला."

संध्याकाळी बाप खांद्यावर कुऱ्हाड घेऊन आला, तेव्हा कुठे जिवात जीव आला. "काऊन वं, रडून राह्यली?" त्याने विचारलं. मी सांगितलं नाही.

मास्तरांना मात्र सांगायला हवं होतं. वाचता आलं नसतं, तर आम्ही भ्यालो कशाला असतो?