माझा विनोद, समोरच्याचं गिऱ्हाईक

मंडळी, आज जाम जळलोय.

चाकणला माझं सेफ्टी शूजचं दुकान आहे. सकाळी कंपनीच्या बसमधून उतरलेली पोरं मोबाइल बघून खिदळत होती. मी कान दिला. समोरच्या दुकानवाल्या संतोषनं बुटाच्या फोटोवर लिहून मीम टाकलं होतं, 'पायावर लोखंड पडलं तर आम्ही आहोत. सुपरवायझर अंगावर आला तर तुमचं तुम्ही बघा!'

पोरं हसतहसत त्याच्याच दुकानात शिरली.

अहो, गिऱ्हाइकाला बूट चढवताना हे वाक्य मी वर्षानुवर्षं मारतोय!

जाऊन म्हणालो, "भावा, हे माझं हाय."

"व्हय अण्णा," तो हसला, "तुमी एकेकाला सांगत बसला. मी एकदाच सगळ्यांना सांगितलं."

आता सांगा राव, तेच मीम मी टाकलं, तर चोर कोण ठरेल?