आड वापरात आहे

आमच्या मागच्या गल्लीत एक आड आहे. त्याच्या तोंडावर लोखंडी जाळी आणि कडेच्या दगडावर हळदीकुंकवाचे थर. लहानपणापासून मी त्याच्या जवळून जाते, पण आत कधी डोकावले नव्हते. एकदा जरी डोकावले असते, तर पुढचं काही झालं नसतं.

केंद्राची नवी पाणी योजना बीडला मंजूर होणार म्हटल्यावर नगरपरिषदेत धांदल उडाली. कोणत्या गल्लीत नळ आहेत, कुठं नाहीत, याची माहिती घरोघर जाऊन भरायची होती, तीही दिल्लीहून आलेल्या ॲपमध्ये, इंग्रजीत आणि थोड्याच दिवसांत. म्हणून इंग्रजी शाळेत शिकलेल्या आम्हा काही मुलींना कामाला घेतलं. माझी डिग्री होऊन मी घरीच बसले होते. अनोळखी दारात उभं राहून हाक मारायची मला भीती वाटायची. शाळेत मराठी बोललं की बाकावर उभं करायचे. त्यामुळे गल्लीतली भाषा मला कळायची, पण माझ्या तोंडून ती पुस्तकातल्यासारखीच निघायची. निदान पहिली गल्ली ओळखीची असावी, म्हणून मी मागची गल्ली मागून घेतली.

तिथं काकू राहतात. नात्याच्या नाहीत, पण लहानपणी आई कामावर गेली की मी त्यांच्याकडेच असायची. माहेर तलवाड्याचं, बोलणं मोठ्यानं, हसणं त्याहून मोठ्यानं. चौकातल्या सरकारी नळावरून हंडे वाहून त्यांचा उजवा खांदा कामातून गेला होता. मुलगा पुण्याला कंपनीत, घरात त्या आणि सून. सुनेला तेव्हा तिसरा महिना होता.

मी टॅब घेऊन गेले तेव्हा ओट्यावर चार-पाच बायका शेंगा फोडत बसल्या होत्या.

"आल्या बघा मॅडम," काकू म्हणाल्या. "लिव, माय, लिव. माज्या सुनंच्या बाळंतपनाच्या आत नळ आला पायजे म्हनावं. ह्या खांद्यानं आता हंडा उचलत न्हाई. मग काय वल्ल्या बाळंतिनीला चौकात धाडू का?"

मी एकेक प्रश्न विचारत गेले. घरात नळ? नाही. पाणी कुठून? चौकातून. मग पुढचा प्रश्न आला. गल्लीत आड किंवा विहीर असल्यास ती वापरात आहे का?

"आड वापरात आहे का?" मी विचारलं.

बायका हसल्या. "वापरात आहे का म्हनं! कशी गं बोलती बातम्यातल्या बाईवानी."

काकूंनी शेंगांची टरफलं झटकली. "वापरात म्हंजी? आडाबिगर आमच्या गल्लीत कंचं कार्य होतंय, सांग बरं. लग्नाची हळद म्हनू नको, बाळंतिनीची पूजा म्हनू नको. आड लई कामाचा हाय आमचा."

सगळ्याजणी माझ्याकडे बघत होत्या. माझे कान तापले होते. ॲपमध्ये दोनच पर्याय होते, 'वापरात' आणि 'वापरात नाही'. मी 'वापरात' वर बोट ठेवलं आणि पुढच्या घरी गेले. आड तिथून वीस पावलांवर होता.

काही महिन्यांनी कार्यालयात मला याद्या टाईप करायला बसवलं. पहिल्या टप्प्यात कोणत्या गल्ल्या, दुसऱ्यात कोणत्या. आमची गल्ली पहिल्या यादीत होती. मागची गल्ली दुसऱ्या यादीत होती आणि समोरच्या रकान्यात कारण दिलं होतं, 'गल्लीत पर्यायी स्रोत उपलब्ध'. मी ती ओळ तीनदा वाचली. मग उठून पाणीपुरवठ्याच्या साहेबांकडे गेले आणि म्हणाले, सर, माझी चूक झाली आहे, त्या आडाला पाणी असेल असं वाटत नाही.

साहेबांनी चष्मा काढला. माणूस वाईट नव्हता. "ताई, एका गल्लीसाठी दुरुस्ती पाठवली तर सगळ्या गावाचा प्रस्ताव माघारी येतो. मागच्या योजनेत तेच झालं, फाईल फिरतच राहिली. दुसऱ्या टप्प्यात होऊन जाईल."

"दुसरा टप्पा कधी आहे, सर?"

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. मी जागेवर येऊन उरलेली यादी टाईप केली.

पाइप आले. जेसीबीनं आमची गल्ली खोदली, कोपऱ्यापर्यंत आला आणि वळून निघून गेला. काकू कोपऱ्यावर उभ्या होत्या.

"कावून गं? आमच्याकडं कावून वळला न्हाई?"

"तुमचं दुसऱ्या टप्प्यात आहे, काकू."

"बरं," त्या म्हणाल्या. मी सांगितलं म्हणून त्यांनी विश्वास ठेवला.

सुनेला मुलगी झाली. आमच्याकडे बाळंतीण सव्वा महिना पाणी आणत नाही. मग आडाची पूजा होते आणि त्या दिवशी ती पहिला हंडा घरी नेते. पण विसावा दिवसही नसेल, एका सकाळी आमच्या अंगणातल्या नव्या नळाखाली ती कानाला रुमाल बांधून कळशी भरत होती. मी कळशी घेऊ लागले तर म्हणाली, "राहू द्या ताई. आत्याबाईंना सांगू नका, त्या निजल्यात." त्यानंतर ती रोज येऊ लागली. काकूंना ते माहीत नसेल असं मला वाटत नाही.

सव्वा महिन्याला काकू स्वतः तांब्या घेऊन आमच्याकडे आल्या. "भरून दे गं. पूजेला आडात सोडाया पानी लागतंय."

"आडात पाणी नाही?"

"आडात? मी सून म्हनून आले तवापासून न्हाई."

मी तांब्या भरला आणि तिथंच सगळं सांगितलं. ॲपमधला प्रश्न, दोन पर्याय, यादीतलं कारण. मी रडले नाही, मला लोकांसमोर रडता येत नाही.

"म्हंजी मी देवाचं सांगितलं आन् तू प्यायाचं लिवलं."

"हो."

"मग मीच की गं बोलले ते. तू काय तुज्या मनानं लिवलं का?"

त्यांनी मला बोल लावला असता तर बरं झालं असतं. त्या तांब्या घेऊन निघाल्या, मीही मागं गेले. बायका जमल्या होत्या. जाळीचा एक कोपरा उचलला तेव्हा मी पहिल्यांदा आत बघितलं. खाली कोरडा गाळ, नारळाच्या कवट्या, फुटक्या बांगड्या आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्या.

सुनेनं पाच बोटं हळदीकुंकवाची उठवली. काकूंनी आमच्या नळाचं पाणी आत सोडलं. ते गाळावर पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही. मग त्यांनी हात जोडले आणि आडाला म्हणाल्या, "माय, सुनंचं आज पयलंच पानी हाय. संबाळ."

सून माझ्याकडे बघत होती. मी मान खाली घातली.

तिच्या डोक्यावर हंडा दिला. तोही आमच्याच नळावर भरलेला होता.