रामहरीची माडी आणि बनाबाईचा उकिरडा

पणदऱ्याच्या रामहरीला कुणी 'पणदऱ्याचा' म्हटलेलं खपायचं नाही. "आमी बारामतीत राहातो," असं तो सांगायचा, आणि तेही पणदऱ्याच्याच पारावर बसून! चोपन्न-पंचावन्न सालची गोष्ट. कॅनॉलच्या पाण्यावर वांगी-कांदे पिकवून या माळी गड्याचं बरं चाललं होतं. त्यानं मळा आणि गुरं धाकट्या भावाच्या, गेणूच्या हवाली केली आणि आपण बायको-पोरासकट बारामतीत एका वकिलाची माडी भाड्यानं घेतली. का, म्हणून विचारलं तर म्हणायचा, माल विकायला सोईचं पडतं. खरं कारण वेगळंच होतं. त्याला माडीच्या काचा आवडल्या होत्या.

माडी होतीच तशी, खोटं कशाला बोला! रस्त्याच्या अंगाला लाकडी सज्जा, सज्ज्याच्या दारांवर तांबड्या, हिरव्या, निळ्या काचा, पायाखाली गार शहाबादी फरशी आणि बटण दाबलं की लागणारा दिवा. सकाळचं ऊन आलं की फरशीवर रंग सांडायचे. रामहरी नेमका तांबड्या रंगात मांडी घालून बसायचा. ऊन सरकलं की तोही सरकायचा. हातात कपबशी. खालून पणदऱ्याची बैलगाडी चालली की मोठ्यानं खोकायचा, आणि गाडीवानानं मान वर केली नाही तर आणखी मोठ्यानं खोकायचा.

त्याच्या बायकोला, बनाबाईला मात्र माडी मानवली नाही. सारवायला जमीन नाही, झाडायला अंगण नाही. बाई पहाटे उठायची आणि हाताला काम नाही म्हणून भांड्यांवर राग काढायची. एक दिवस ती पाटी घेऊन खाली उतरली. रस्त्यावर टांग्यांची घोडी, बाजाराचे बैल. लीद न् शेण जागोजाग पडलेलं, आणि कुणी उचलायला तयार नाही. ती तिथंच थबकली.

"लक्षुमी रस्त्यात पडलीया आन् गाव तिला तुडवून चाललंय! काय म्हनावं ह्या मानसांना?"

तिनं पाटी भरली आणि वकिलाच्या परसात, विहिरीपलीकडच्या कोपऱ्यात नेऊन ओतली. मग रोजचंच झालं. शेण, राख, भाजीची देठं, केर. वर्ष सरलं तसा कोपऱ्यात कमरेइतका उकिरडा उभा राहिला. दिवाळीला तिनं त्याच्यावर पणतीसुद्धा लावली. आपल्याकडची रीतच आहे ती.

रामहरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अगं, मी हितं चार मान्सांत बसतो, आन् तू शेण गोळा करत फिरतीस? लोक काय म्हनतील?"

"लोकांनी टाकलंय, मी उचलती. त्येंनी काय म्हनायचंय?"

वकील भला माणूस. नाकाला उपरणं लावून एवढंच विचारायचा, "रामहरीराव, हे आणखी किती दिवस?"

"उद्याच काढतो, सायेब," रामहरी म्हणायचा. तो उद्या काही उगवायचा नाही, कारण बनाबाईपुढं त्याचं काही चालायचं नाही.

अशात त्यांच्या पोराच्या, सोपानच्या लग्नाचं निघालं. इंदापूरकडच्या तात्याबांची लेक सारजा. सोपाननं तिला एकदाच बघितली होती, पण तेव्हापासून पोराचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं. "हितं जमलं न्हाय तर मी लगीनच करत न्हाय," असं त्यानं आईला सांगून टाकलं. तात्याबा म्हणजे भारी चिकित्सक म्हातारा. भल्याभल्यांना त्यांनी नुसता चहा पिऊन नकार दिला होता. त्यांचा निरोप आला: येत्या गुरुवारी घर बघायला येतो.

"येऊ द्या की!" रामहरी फुशारला. "असलं घर त्येंच्या बापजाद्यानं बगितलं नसंल!"

आणि त्यानं ठरवलं, उकिरडा हलवायचाच. इतकी मोठी असामी, घाण बघून माघारी गेली म्हणजे? बनाबाई रडली, भांडली, दोन वेळा जेवली नाही. या वेळी मात्र गडी हटला नाही. गेणू बाजारातून रिकामी जाणारी गाडी घेऊन आला. बनाबाईनं डोळे पुसले आणि दिराला हळूच सांगितलं, "भावजी, वाटंत कुठं फेकू नगा. आपल्या घराम्होरल्या उकिरड्यावर नेऊन टाका." चार खेपांत कोपरा मोकळा झाला. रामहरीनं तिथं वकिलाच्या दोन फुलांच्या कुंड्या आणून मांडल्या आणि लांबून निरखून बघितल्या.

गुरुवारी तात्याबा आले. हातात काठी, डोक्याला पांढरा पटका. रामहरीनं त्यांना आपली तांबड्या रंगाची जागा दिली. ते उठून सावलीत बसले. "डोळ्यांवर येतंय," म्हणाले. रामहरीनं भर दिवसा बटण दाबून दिवा लावून दाखवला.

"बरं हाय," तात्याबा म्हणाले. चहा झाला. "चला, परसदार बगू."

परसात म्हाताऱ्यानं चारी कोपरे फिरून बघितले. कुंड्यांपाशी थांबून काठीनं माती टोकरली. "रामहरीराव, उकिरडा कुठाय?"

"छ्या! आमी असली घाण ठिवतच न्हाय," रामहरी छाती काढून म्हणाला.

"गोठा?"

"त्यो गावाकडं."

"कडब्याची गंज?"

रामहरीची छाती हळूहळू खाली बसली.

आता हे ठाऊक नसलेला माळी म्हणजे कमालच म्हणायची! सोयरिकीला गेलेला माणूस आधी उकिरडा बघतो, मग पोरगा. बाकी सगळं उसनं आणता येतं. शेजारची पितळी भांडी मांडता येतात, चुलत्याचा कोट नवऱ्या मुलाला चढवता येतो. उकिरडा कोण उसना देणार? तो मोठा म्हणजे दावणीला गुरं, आणि गुरं म्हणजे घरात दूध न् रानात खत. रामहरीचा स्वतःचा सासरा उकिरडा बघूनच बनाबाईला देऊन गेला होता. काचांच्या नादात गडी सगळं विसरला.

"भाड्याच्या घरात पोर देऊ, तर ती खानार काय? काचा?" तात्याबांनी पटका सारखा केला. "येतो आता."

जिन्यापाशी उभ्या सोपानचा चेहरा पांढराफटक पडला. तो बघितला आणि दाराआडची बनाबाई पदर सावरत सरळ पुढं आली.

"तात्याबा, उकिरडा हाय. पनदऱ्याला हाय. एष्टी लागलीच हाय, चला, दावते."

रामहरी मुकाट्यानं मागून निघाला. दुसरं करणार काय?

पणदऱ्यात घरापुढं जुना उकिरडा आणि त्यावर बारामतीचा, असा पुरुषभर ढीग. तात्याबांनी काठी आत खुपसली. निम्मी गेली. उपसून तिचं टोक तळहाताला लावलं. ते ऊन लागलं, म्हणजे आत खत मुरत होतं. म्हाताऱ्याचा चेहरा उजळला.

"आता कसं! ह्याला म्हनायचं घर! कुनाच्या हातचा ह्यो?"

"माझ्या," बनाबाई म्हणाली.

"मग पोर तुमच्या हाताखाली दिली. पर नांदंल हितंच. त्या काचंच्या पिंजऱ्यात न्हाय."

"व्हय तर! मीबी हितंच येती," बनाबाई बोलून गेली. नवऱ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. सोपान हसला, गूळ वाटला, सगळ्यांत रामहरीही हसला.

लग्न झालं. घर पणदऱ्याला नांदू लागलं आणि रामहरी माडीवर एकटा राहिला. परत कुठल्या तोंडानं जायचं? अख्ख्या गावाला सांगून बसलेला! गेणूच्या गाडीतून भाकरीचं गाठोडं यायचं, ते तो तांबड्या उजेडात बसून खायचा. भाकरी गार असायची. खालचे गाडीवान आता त्यानं न खोकताच वर बघायचे आणि विचारायचे, "काय रामहरीराव, एकलंच?" त्यानं सज्ज्यात बसणं सोडलं. त्याला करमेना, अगदी करमेना.

"आता कसं परस स्वच्छ वाटतं," वकील म्हणाला. रामहरीला त्याचा विनाकारण राग आला.

एका सकाळी त्यानं कोनाड्यातली बनाबाईची पाटी काढली. रस्त्यावर इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि खाली वाकला.

कितीतरी दिवसांनी बनाबाई गाडीबरोबर बाजाराला आली. परसात पाय धुवायला गेली, तर कुंड्यांच्या आडोशाला गुडघाभर ढीग! ती बघतच राहिली.

"अवो, ह्यो कुनासाठी?"

रामहरी विहिरीत बघत म्हणाला, "तू येशील म्हनलं."

बनाबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिनं खोरं मागून घेतलं आणि गेणूच्या मदतीनं सगळा ढीग गाडीत भरला. "बाजारचं सामान पुढं घ्या, भावजी. मागं जागा ठिवा," एवढंच म्हणाली आणि गाडीत बसली. रामहरी जिना चढून सज्ज्यात जाऊन उभा राहिला. गाडी हलली. कोपऱ्यापर्यंत गेली. तेवढ्यात वरून जोराचा खोकला ऐकू आला.

बनाबाईनं मान वर केली. "थांबवा गाडी, भावजी."

कपबशी फरशीवर तशीच टाकून रामहरी खाली आला आणि गाडीत मागं, उकिरड्याला टेकून बसला. वाटेत ओळखीचा गाडीवान भेटला. "कुठं निघालात, बारामतीकर?"

"घरी," रामहरी म्हणाला. "पनदऱ्याला."