फोन नवऱ्यालाच जातो

दत्ताभाऊ आमच्या सेंटरच्या मेडिकलवर जुनी चिठ्ठी दाखवून दोन इंजेक्शनं मागत होते. मी हातमोजे घ्यायला तिथेच आले होते. हे इंजेक्शन बंद करा म्हणून सोमवारी मीच त्यांना फोनवर सांगितलं होतं. आज गुरुवार.

मी जालन्यातल्या एका टेस्ट ट्यूब बेबी सेंटरमध्ये नर्स आहे. गर्भ आत सोडला की तो टिकावा म्हणून बाईला रोज कमरेखाली तेलकट इंजेक्शन घ्यावं लागतं. सुई जाड असते, जागेवर गाठी येतात. दत्ताभाऊंचं वाटूरला मोटर रिवाइंडिंगचं दुकान. रोज जालन्याला येणं जमेना, म्हणून टोचायला मीच त्यांना शिकवलं. पहिल्यांदा टोचताना त्यांनी डोळेच मिटले तेव्हा मी चेष्टाही केली होती.

चौदाव्या दिवशी रक्त तपासतो. रिपोर्ट निगेटिव्ह, म्हणजे गर्भ राहिला नाही, की सगळं बंद. फाइलवर बहुतेक नवऱ्याचाच नंबर असतो. मी फोन केला, ते "बरं" म्हणाले. मी टिक केली आणि पुढचा नंबर लावला.

त्यामुळे आता मला राग आला. बाजूला बोलावून विचारलं, सांगितलेलं कळलं नव्हतं का?

"कळलं की, सिस्टर. पण सुई बंद केली तर सविताला कळंल ना."

रिपोर्ट अजून यायचाय, असं बायकोला सांगून हा माणूस तीन दिवस तिला उगाच सुया टोचत होता.

"रोज सांगायचं म्हणून बसतो," ते म्हणाले. "ती म्हनती, हळू टोचा, बाळाला लागंल. मंग काय सांगू मी?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. मलाच माझी लाज वाटली. सविताला घेऊन या, मी सांगेन म्हटलं.

त्याच संध्याकाळी दोघं आले. मी सविताला सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही, नवऱ्याकडे वळली.

"तुमाला कधी कळलं?"

"सोमवारी."

तिने बोटांवर मोजलं. मग म्हणाली, "तीन सुया." दत्ताभाऊ हुंदके देऊन रडायला लागले. ती उठून बाहेरच्या बाकावर जाऊन बसली.

ते जोडपं पुन्हा आलं नाही. निगेटिव्ह रिपोर्ट मी आता फोनवर देत नाही, दोघांना बोलावते. सुई कशी टोचायची हे मी दत्ताभाऊंना तीन दिवस शिकवलं होतं. बायकोला हे कसं सांगायचं, ते मात्र एका "बरं"वर सोडून दिलं.